बसा ना

घाटकोपर यायच्या जरा आधी ती उठली आणि मला म्हणाली, "बसा ना." सकाळची फास्ट लोकल, लेडीज डबा, त्यात सोमवार. अशा गाडीत मिळालेली सीट कोणी सहज सोडत नाही, डोंबिवलीला चढल्या चढल्या आपण आधी "कुठे उतरणार?" विचारत फिरतो आणि मग मुलुंडवाल्या, घाटकोपरवाल्या सीटवर नाव लावून उभ्या राहतो. मी मात्र कोणालाच काही न विचारता सीटांच्या मधे दांडीला धरून उभी होते आणि मधूनमधून उजव्या मांडीच्या मागे, अगदी वर, जिथे मांडी संपते तिथे अंगठ्याने दाबत होते. ते तिने बघितलं असणार. माझ्याच वयाची असेल, डोळ्यांखाली काळं, मांडीवर दोन डबे आणि भाजीची पिशवी. मी "नको" म्हटलं. ती म्हणाली, "अहो बसा, त्रास होतोय तुम्हाला, दिसतंय मला." मी परत "नको" म्हटलं. मग तिने माझा दंड धरून मला हलकंसं सीटकडे ओढलं आणि मी जोरात ओरडले, "नको म्हटलं ना एकदा!" आजूबाजूच्या चार-पाच जणींनी माना वर केल्या. तिचा हात तसाच हवेत राहिला. तेवढ्यात घाटकोपर आलं, गर्दीचा लोंढा आत आला आणि त्या रिकाम्या सीटवर कोणीतरी कॉलेजची मुलगी बसून गेली. सीट देणारी ती बाई घाटकोपरला उतरणार नव्हतीच, दादरला उतरली. तिथपर्यंत आम्ही दोघी एकमेकींच्या खांद्याला खांदा लागून उभ्या, आणि मला तिच्याकडे बघता येईना.

मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की बसलं की दुखतं.

हे वाक्य मला का सांगता आलं नाही हे मला त्या दिवसापासून टोचतंय. त्याला आता सहा-सात महिने झाले. लोकांना सांगायला अवघड आहेच म्हणा, कारण दुखत असलं की माणूस बसतो, असं आपण जन्मापासून बघतो. उभं राहून दुखतं, चालून दुखतं, जिना चढून दुखतं, हे सगळ्यांना समजतं. पण खुर्चीत टेकलं की दहा मिनिटांत बुडाखाली कोणीतरी सुपारी ठेवल्यासारखं वाटायला लागतं, मग ती सुपारी तापते आणि मांडीच्या मागून गुडघ्याच्या दिशेने एक गरम रेघ उतरते, हे कोणाला आणि कसं सांगणार. सांगितलं की समोरचा लगेच "सायटिका!" म्हणतो आणि आपल्या काकांचा इलाज सांगतो. सायटिका नाही. मांडीच्या मागचे जे तीन स्नायू, ज्यांना सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते वरच्या बाजूला बैठकीच्या हाडाला जिथे चिकटतात तिथला दोरीसारखा भाग, टेंडन, तो बिघडलाय. एमआरआयच्या रिपोर्टवर लिहिलंय प्रॉक्सिमल हॅमस्ट्रिंग टेंडिनोपॅथी, पुढे थोडीशी झीज, थोडंसं फाटलंय. मी तो रिपोर्ट रिक्षात बसून, म्हणजे एका बाजूवर कलून बसून, वाचला होता आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर लाज. कारण हे पडून झालं नव्हतं, गाडीने ठोकलं नव्हतं. हे मी योग करून केलं होतं.

नऊ वर्षं मी क्लासला जातेय. त्याच्या आधी घरात योग होताच, माझी आत्या ठाण्याला घंटाळीच्या वर्गाला जायची आणि सुट्टीत आम्हा भावंडांना ओळीत उभं करून ताडासन करायला लावायची. पण खरं करायला लागले ते वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ऑफिसमधून येताना पाठ धरायला लागली म्हणून. आमच्या ताई अय्यंगार पद्धतीने शिकवतात, भिंतीला दोर, कपाटात घड्या घातलेली ब्लँकेटं, लाकडी विटा, पट्टे, बोल्स्टर, पाठ काढून टाकलेल्या लोखंडी खुर्च्या. पहिल्या वर्षी माझे हात उत्तानासनात, म्हणजे उभं राहून पुढे वाकताना, नडगीच्या खाली जात नव्हते. तिसऱ्या वर्षी तळवे जमिनीला टेकले. पाचव्या वर्षी पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, कपाळ गुडघ्याच्याही पुढे, नडगीवर टेकायला लागलं, आणि त्या दिवशी आत जे झालं ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. तिथे अंधार असतो. आपलाच श्वास आपल्याच पायांवर आपटून गालाला लागतो, मॅटचा रबरी वास येतो, कानात समुद्रासारखं काहीतरी वाजत असतं, आणि जगातलं कोणीही तिथे येऊ शकत नाही. बाबा गेले त्या वर्षी मी रोज पहाटे उठून तिथे जात होते. रडायला नाही, काही आठवायलाही नाही, नुसतं जाऊन राहायला. घरात चार माणसं, दोन खोल्या, आणि माझी एकटीची जागा ती, दोन्ही पाय आणि कपाळ यांच्या मधली.

त्यामुळे तिथे थोडं दुखायला लागलं तेव्हा मी ऐकलं नाही.

दुखत होतं ते वर्षभर तरी. पुढे वाकलं की बैठकीच्या हाडापाशी एक ओढ, जरा तिखट. मला ती आवडायची, हे आता लिहिताना कसंतरी होतं, पण खरंच आवडायची, मला वाटायचं चांगलं ताणलं जातंय, आत काहीतरी उघडतंय. ताई सांगायच्या, दर आठवड्याला सांगायच्या, की ताण स्नायूच्या पोटात जाणवला पाहिजे, हाडापाशी जाणवला तर मागे या, गुडघे वाकवा. मी ऐकायचे आणि मनात म्हणायचे हे नवीन लोकांसाठी आहे. मग गेल्या वर्षीची रथसप्तमी आली. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दरवर्षी १०८ सूर्यनमस्कार घालतात, 'ॐ मित्राय नमः' पासून सुरू करून बारा नावांची नऊ आवर्तनं, शेवटी तिळाचे लाडू आणि मसाला दूध. पहाटेची थंडी, अंग गरम झालेलं नाही, खाली खरखरीत गच्ची. एका सूर्यनमस्कारात दोनदा पुढे वाकायचं असतं, तिसऱ्या स्थितीत आणि दहाव्या स्थितीत, म्हणजे १०८ मध्ये २१६ वेळा. हा हिशेब मी खूप नंतर, आडवी पडून केला. साठाव्याच्या आसपास उजव्या बाजूला काहीतरी लचकल्यासारखं झालं, नव्वदीला पाय मागे टाकताना दात आवळावे लागत होते. मी थांबले नाही. पुढच्या रांगेत होते, सगळे माझ्याकडे बघून घालत होते. १०८ पूर्ण केले, लाडू खाल्ला, ऑफिसला गेले, आणि दुपारी तीन वाजता मला खुर्चीत बसवेना.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत "योगा बंद करा, आराम करा" सांगितलं. केला आराम, सहा आठवडे. दुखणं कमी झालं म्हणून मी आनंदाने क्लासला गेले, एकदा उत्तानासन केलं आणि तिसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. मग कोणीतरी सांगितलं म्हणून फिजिओकडे गेले. पंचविशीतली मुलगी, माझ्या भाचीएवढी. तिने मला पालथं झोपवलं, गुडघा वाकवून टाचेला विरोध केला, कुठे लागतं ते बोटाने बरोबर शोधलं आणि मग एक प्लास्टिकचा सांगाडा घेऊन समोर बसली. म्हणाली, "काकू, हे हाड बघा. तुम्ही पुढे वाकता ना, तेव्हा टेंडन नुसतं ताणलं जात नाही, या हाडावर दाबलंही जातं. खुर्चीत बसलात तरी तेच. तुम्ही जेवढं स्ट्रेच कराल तेवढं ते चिडणार." आणि आराम? तर म्हणे नुसत्या आरामाने ते आणखी कमजोर होतं, टेंडनला रक्तपुरवठा कमी, ते सावकाश बदलतं, त्याला वजन लागतं, थोडं थोडं, रोज मोजून. तीन ते सहा महिने, कदाचित जास्त. पुढे वाकणं सध्या पूर्ण बंद.

मी तिला विचारलं, पश्चिमोत्तानासन पण? ती म्हणाली, ते तर सगळ्यात आधी.

आता या गोष्टीला काय म्हणायचं ते मला अजून कळत नाही. क्लासमध्ये आणि व्हॉट्सॲपवर सगळे स्वीकार स्वीकार म्हणत होते. "ॲक्सेप्ट कर, शरीराचं ऐक, हीच खरी साधना." आणि मीही मान हलवत होते, कारण शब्द ओळखीचा होता, नऊ वर्षांत शंभर वेळा शवासनात ऐकलेला. ताईंनी मला गुरुजींची गोष्ट सांगितली, म्हणजे ही पद्धत ज्यांची त्या बी.के.एस. अय्यंगार गुरुजींची, की १९७९ साली स्कूटरच्या अपघातात त्यांच्या पाठीला, खांद्याला, गुडघ्यांना मार बसला, साठीचं वय, आणि ज्या माणसाकडे जगभरातून लोक शिकायला पुण्यात येत होते त्याला साधी आसनं जमेनाशी झाली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, नवशिक्यासारखी, आणि पुढे कितीतरी वर्षं रोज सराव करत राहिले. ताईंनी ती गोष्ट मला धीर द्यायला सांगितली होती. मी मात्र त्यातून एवढंच घेतलं की ते परत आले म्हणजे मीही येणार, आणि कॅलेंडरवर दिवाळीच्या पाडव्याला गोल केला. पाडव्याला पश्चिमोत्तानासन. वरून स्वीकार म्हणत होते आणि आतून तारीख ठरवून बसले होते.

क्लासमध्ये मला कोपरा मिळाला. दोरांच्या भिंतीजवळचा, खुर्च्यांच्या बाजूचा. सगळे पुढे वाकले की मी भिंतीला हात लावून उभी. इतक्या वर्षांत मी क्लास कधी वरून बघितलाच नव्हता, वीस-बावीस पाठी एकदम खाली जातात, कोणाची गोल, कोणाची फळीसारखी सरळ, घामाने टी-शर्ट मणक्यावर चिकटलेले. नवीन आलेली एक मुलगी, दीड वर्षच झालंय तिला, तिचं कपाळ नडगीला टेकलं त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. मत्सर होता, साधा सरळ मत्सर, त्याला दुसरं नाव द्यायचं नाही. समोरच्या भिंतीवर निळ्या रंगात 'स्थिरसुखमासनम्' लिहिलेलं आहे, पतंजलींचं, योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं ४६ वं सूत्र. नऊ वर्षं मी ते डोळ्यांसमोर ठेवून आसनं केली आणि दरवेळी पहिल्या शब्दावरच थांबले, स्थिर, स्थिर, हलायचं नाही, सोडायचं नाही. कोपऱ्यात उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की मधे सुख असं लिहिलेलं आहे.

आणि मग आईची आठवण आली. ती इतकी वाईट आली की त्या दिवशी शवासन न करताच घरी गेले.

आईचे गुडघे गेले त्याला दहा वर्षं झाली असतील. आमच्या जुन्या घरात देव्हारा जमिनीवर होता, कोनाड्याच्या खाली, समोर पाट. आई रोज सकाळी त्या पाटावर बसून तासभर पूजा करायची, सहाणेवर चंदन उगाळल्याचा तो घसघस आवाज हा आमच्या घराचा गजर. एक दिवस मी गेले तर देव्हारा फ्रिजच्या शेजारी उंच टेबलावर, समोर खुर्ची, आणि पाट धुऊन भिंतीला उभा करून ठेवलेला. मी त्यावेळी नुकती योगाला लागलेली, नव्या नव्हाळीत, मला सगळं येतं असं वाटण्याचा काळ. मी तिला म्हणाले, "अगं असं लगेच हार मानून कसं चालेल, रोज थोडं बसायचा प्रयत्न केलास तर बसशील, सगळं मनावर असतं." मनावर असतं, असं म्हणाले. तिच्या एक्सरेमध्ये हाडाला हाड घासत होतं. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "असू दे गं. देवाला काय, वरून दिसतो तो जास्त चांगला." आणि निरांजनाची वात सारखी करायला लागली. मला त्यावेळी त्या "असू दे"चा राग आला होता. मला तो आळस वाटला होता. तिने पाट हलवायच्या आधी किती सकाळी तिथून उठताना फळीला धरून दात आवळले असतील हे मला विचारावंसंही वाटलं नाही.

श्रावणात ती माझ्याकडे राहायला आली. सोमवारी उपास सोडायला केळीच्या पानावर वाढलं, बाकीचे सगळे जेवायला बसले आणि मी नेहमीप्रमाणे ओट्यापाशी उभी राहून ताटलीत घेऊन खायला लागले, कारण ऑफिसमध्ये दिवसभर जेवढं बसावं लागतं तेवढंच खूप होतं, घरी बसायचं मी सोडलंच होतं. आई उठली. आपलं पान तसंच उचलून ताटात घेतलं, स्वयंपाकघरात आली, कोपऱ्यातलं उंच स्टूल ओट्याजवळ ओढलं आणि त्याच्यावर टेकली. म्हणाली, "तुला बसवत नाही, मला उभं राहवत नाही. चल, जेवू." आम्ही दोघी ओट्यावर ताटं ठेवून जेवलो. वाल होते, अळूची भाजी होती, तिने माझ्या भातावर तूप घातलं. मी तिला पाटाचं ते बोलणं आठवतं का विचारलं. तिला आठवत होतं. "मला वाईट वाटलं होतं तेव्हा," ती म्हणाली, "पण तुला कळायला तुझं काही दुखलेलंच नव्हतं." मग विचारलं, आता दहापैकी किती दुखतंय, म्हणजे फिजिओची भाषा तिलाही पाठ झाली होती. मी म्हटलं चार. ती म्हणाली, माझं पाच, आणि ताकाचा पेला माझ्याकडे सरकवला.

फिजिओचा नियम असा आहे की व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर ते आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं नसलं पाहिजे. वाढलं तर काल जास्त झालं. रोज सकाळी मी उठते, तोंड धुवायच्या आधी एक पाय थोडा वाकवून बघते आणि आकडा वहीत लिहिते. ऐकायला किती क्षुल्लक आहे. पण पहिले दोन महिने मी त्या वहीत खोटं लिहीत होते. पाच असताना तीन. कोणासाठी खोटं, ती वही माझ्याशिवाय कोणी बघत नव्हतं. त्या ओट्यावरच्या जेवणानंतर मी खरं लिहायला लागले आणि मग आकडे वाईट दिसायला लागले, पाच, पाच, सहा, चार, पाच. ते वाईट आकडे बघून मला जे काही वाटलं ते शांत होतं. माझा उजवा पाय इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलला आणि मी मधेच तोडलं नाही, असं काहीसं.

ताईंनी आणि त्या फिजिओने, एकमेकींना न भेटता, मला जवळजवळ सारखंच दिलं. सेतुबंध, म्हणजे उताणं पडून कंबर उचलायची, टाचा दाबून, पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. मग एका पायावर. शलभासन, जे मला कधीच आवडलं नाही, ज्यात काही सुंदर दिसत नाही, पालथं पडून पाय चार बोटं उचलायचे आणि थरथरत थांबायचं. मांडीचा मागचा भाग पेटतो, पण स्नायूच्या पोटात पेटतो, हाडापाशी नाही, आणि तो फरक आता मला अंधारातही कळेल. नंतर वजन आलं. माझ्याकडे डंबेल नाहीत, मी पाच लिटरचा पाण्याचा कॅन भरून घेते, म्हणजे पाच किलो, पाठ सरळ ठेवून कंबरेतून अगदी थोडं झुकायचं आणि परत उभं राहायचं. आत पाणी डुचमळतं. थोडं जरी घाईने झालं तरी लगेच ऐकू येतं. सावकाश केलं की पाणी गप्प राहतं.

दिवाळीचा पाडवा आला आणि गेला. त्या सकाळी मी मॅट अंथरली, पाय लांब करून बसले, खाली ब्लँकेटच्या तीन घड्या, आणि हात मांड्यांवर ठेवून सरळ बसून राहिले. दंडासन. पुढे वाकले नाही. एवढ्या वेळात सुपारी आली नाही हे मला पाचव्या मिनिटाला लक्षात आलं, आणि सातव्या मिनिटाला ती आली. मी उठले, वहीत सात मिनिटं लिहिलं, पणत्या उचलायला गेले. वाईट वाटलं नाही असं नाही. त्या अंधाऱ्या जागेची आठवण मला रोज येते, आत्ता लिहितानाही येतेय, आणि मी तिथे परत जाईन की नाही हे मला कोणी सांगू शकत नाही. फिजिओ म्हणते जाल, पण आधीसारखं खोल नको. आधीसारखं नको तर मग ते तेच ठिकाण असेल का? बाबांच्या वर्षी मला तिथे जे मिळालं ते खोलीमुळे मिळालं, की नुसतं एका जागी राहिल्यामुळे? ताईंना विचारायचं मनात आहे, पण अजून विचारलेलं नाही.

ती बाई मला परत भेटली नाही. मी तोच डबा, तीच वेळ धरते, घाटकोपर आलं की सीटांकडे नजर जाते. मागच्या आठवड्यात, क्लासचा दिवस होता म्हणून खांद्याला मॅट होती, ऑफिसची बॅग जड, मी त्याच दांडीला धरून उभी. मुलुंड गेल्यावर खिडकीजवळची एक वयस्कर बाई उठायला लागली, गजरा, नऊवारी, हातात बँकेच्या पासबुकाची पिशवी, आणि म्हणाली, "ये बाळ, बस जरा, वाकडी उभी आहेस." मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. म्हटलं, "मावशी, मला बसलं की दुखतं. उभं राहिलं की बरं वाटतं." तिने माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. "बसल्यावर?" "हो, बसल्यावरच." "अगोबाई," ती म्हणाली, आणि जरा विचार करून दोन्ही हात पुढे केले. "मग ती बॅग दे इकडे. आणि ती गुंडाळी पण." मी बॅग दिली, मॅट दिली. तिने बॅग मांडीवर घेतली, मॅट तिच्यावर आडवी ठेवली, दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. दादरपर्यंत ती तशीच होती.